डीएलएलच्या आतून रिक्वेस्ट, रिस्पॉन्स आणि सेशन कसे गाठायचे: जुनी एएसपी सिस्टीम हाती आलेल्या नवख्यांसाठी

हिंगणघाट, वणी, अकोट या पट्ट्यात जिनिंग, बाजार समिती, पतसंस्था अशांची कामं करणाऱ्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर दुकानात तुम्ही नोकरीला लागलात, तर कधी ना कधी एक जुनं एएसपी पान (मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवणारं पान) तुमच्यापुढे येऊन पडेल. पान उघडावं तर आत जेमतेम चार-पाच ओळी. एक ऑब्जेक्ट तयार केलं, त्याची एक मेथड बोलावली, ऑब्जेक्ट सोडून दिलं, संपलं. मेथडला एकही पॅरामीटर नाही. तरी ब्राउझरमध्ये कास्तकाराचं नाव, गाडी नंबर, वजन, दर, हमाली, तोलाई सगळं भरलेली काटापट्टी हजर! फॉर्ममधली माहिती वाचली कोणी आणि पट्टी छापली कोणी, हे पान कितीही वेळा वाचलं तरी कळत नाही.

हे सगळं डीएलएल करते. कंपाइल करून ठेवलेला तो कंपोनेंट वेब सर्व्हरच्या ऑब्जेक्टांपर्यंत स्वतः हात घालतो. तो कसा घालतो, तुम्ही कसा घालायचा आणि कुठे घालूच नये, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरण कापसाच्या काटापट्टीचं घेऊ. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये अर्थातच ती रोमन लिपीत जातील.

पायरी १: कोणती ऑब्जेक्टं, आणि ती कुणाची

एएसपी आलं ते १९९६ च्या अखेरीस, आयआयएस ३.० सोबत. आयआयएस म्हणजे मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर. तेव्हापासून पानाला काही ऑब्जेक्टं आयती मिळतात. रिक्वेस्ट म्हणजे ब्राउझरने पाठवलेलं सगळं. रिस्पॉन्स म्हणजे परत जाणारं सगळं. सेशन एका वापरकर्त्याचं, ॲप्लिकेशन सगळ्यांचं मिळून एक, आणि सर्व्हर म्हणजे इतर ऑब्जेक्ट तयार करणं, एचटीएमएल एनकोड करणं अशी हाताखालची कामं.

पानावरच्या स्क्रिप्टला ही नावं थेट दिसतात. डीएलएलला दिसत नाहीत. डीएलएलमध्ये नुसतं रिस्पॉन्स.राइट लिहिलं तर व्हीबी (व्हिज्युअल बेसिक) कंपाइललाच अडवेल, आणि ऑप्शन एक्स्प्लिसिट (जाहीर न केलेलं नाव नाकारायला लावणारी ओळ) नसेल तर त्याहून वाईट: कंपाइल होईल आणि चालताना मरेल. म्हणून पहिली सवय, प्रत्येक मॉड्यूलच्या डोक्यावर ऑप्शन एक्स्प्लिसिट.

दुसरं लक्षात ठेवायचं ते हे की रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स ही दोन ऑब्जेक्टं त्या एका विनंतीपुरतीच जिवंत असतात. पान संपलं की ती संपली. पुढच्या निम्म्या चुका इथूनच निघतात.

पायरी २: हाती आलेली डीएलएल कोणत्या काळातली आहे ते ओळखा

सोर्स असेल तर शोध घ्या. ऑनस्टार्टपेज नावाची मेथड सापडली तर रीत सगळ्यात जुनी. गेटऑब्जेक्टकॉन्टेक्स्ट सापडलं तर मधल्या काळातली, एमटीएस (मायक्रोसॉफ्ट ट्रान्झॅक्शन सर्व्हर) किंवा त्याच्या जागी आलेल्या कॉमप्लसची; दोन्ही म्हणजे कंपोनेंट सांभाळणाऱ्या विंडोजच्या सेवा. एचटीटीपीकॉन्टेक्स्ट डॉट करंट दिसलं तर डॉटनेट.

सोर्स हरवलेला असणं आपल्याकडे नवं नाही. ज्याने लिहिलं तो पुण्याला गेला आणि कोड त्याच्या जुन्या कॉम्प्युटरसोबत भंगारात. अशा वेळी व्हीबी६ मध्ये त्या डीएलएलचा रेफरन्स घ्या आणि ऑब्जेक्ट ब्राउझर उघडा. ऑनस्टार्टपेज ही पब्लिक मेथड असल्यामुळे ती यादीत दिसते. गेटऑब्जेक्टकॉन्टेक्स्ट मेथडच्या पोटात असतं, ते असं दिसणार नाही. यादीत ऑनस्टार्टपेज नाही आणि पान पॅरामीटर न देता काम करून घेतंय, तर दुसरी रीत आहे असं धरून चला.

पायरी ३: ऑनस्टार्टपेजची रीत (ओळखीपुरती)

आयआयएस ३ च्या काळात सोय अशी होती: तुमच्या क्लासमध्ये ऑनस्टार्टपेज नावाची मेथड असेल तर पान ऑब्जेक्ट तयार करताना एएसपी ती आपणहून बोलावतं आणि स्क्रिप्टिंगकॉन्टेक्स्ट नावाचं ऑब्जेक्ट हातात देतं. त्यातून रिक्वेस्ट, रिस्पॉन्स वगैरे काढून क्लासच्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचे. पान संपताना ऑनएंडपेज बोलावलं जातं, तिथे ते सगळे नथिंग करायचे. प्रोजेक्टमध्ये रेफरन्स लागतो तो मायक्रोसॉफ्ट ॲक्टिव्ह सर्व्हर पेजेस ऑब्जेक्ट लायब्ररीचा.

अडचण अशी की ही मेथड फक्त एएसपीच बोलावतं. हाच क्लास तुम्ही दुसऱ्या डीएलएलमधून न्यू करून वापरलात तर ऑनस्टार्टपेज चालतच नाही, व्हेरिएबलं रिकामी राहतात आणि एरर ९१ (ऑब्जेक्ट व्हेरिएबल सेट नाही) येते. ॲप्लिकेशन स्कोपच्या ऑब्जेक्टलाही ती मिळत नाही. मायक्रोसॉफ्टनेही पुढे ही रीत जुनी ठरवली. असलेली चालू द्या, पण नवीन काही या रीतीने लिहू नका.

पायरी ४: ऑब्जेक्टकॉन्टेक्स्टची रीत

इथे थोडं थांबून काम करायचं. बहुतेक जुन्या सिस्टीममध्ये तुमचा संबंध याच रीतीशी येणार आहे.

व्हीबी६ मध्ये ॲक्टिव्हएक्स डीएलएल प्रकारचा नवा प्रोजेक्ट घ्या. प्रोजेक्टचं नाव कापूस आणि क्लासचं नाव काटापट्टी ठेवलंत, तर पानाला लागणारं नाव होईल कापूस.काटापट्टी. क्लासचं इन्स्टन्सिंग मल्टीयूज असू द्या. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये थ्रेडिंग मॉडेल अपार्टमेंट थ्रेडेड ठेवा आणि अनअटेंडेड एक्झिक्युशनवर टिक करा. ही टिक विसरू नका. कुणीतरी डीबगिंगसाठी टाकलेला मेसेजबॉक्स सर्व्हरवर उघडला तर ओके दाबायला तिथे कोणी बसलेलं नसतं. पान तसंच लटकून राहतं, आणि काट्यावर गाड्यांची रांग लागते. टिक असेल तर तोच मेसेज इव्हेंट लॉगमध्ये जातो.

रेफरन्स दोन घ्या: कॉमप्लस सर्व्हिसेस टाइप लायब्ररी, आणि वर सांगितलेली ॲक्टिव्ह सर्व्हर पेजेस ऑब्जेक्ट लायब्ररी. एनटी ४ च्या जमान्यातल्या प्रोजेक्टमध्ये पहिलीच्या जागी मायक्रोसॉफ्ट ट्रान्झॅक्शन सर्व्हर टाइप लायब्ररी दिसेल. नवीन विंडोजवर ते प्रोजेक्ट उघडलं की रेफरन्स मिसिंग दाखवतं, तेव्हा ती टिक काढून कॉमप्लसवाली लावायची.

आता मेथड:

पब्लिक सब पट्टीछापा()
डिम संदर्भ ॲज ऑब्जेक्टकॉन्टेक्स्ट
डिम विनंती ॲज एएसपीटाइपलायब्ररी.रिक्वेस्ट
डिम उत्तर ॲज एएसपीटाइपलायब्ररी.रिस्पॉन्स
डिम सत्र ॲज एएसपीटाइपलायब्ररी.सेशन
सेट संदर्भ = गेटऑब्जेक्टकॉन्टेक्स्ट()
इफ संदर्भ इज नथिंग देन
एर.रेझ व्हीबीऑब्जेक्टएरर + ५१३, "काटापट्टी", "नो वेब कॉन्टेक्स्ट"
एंड इफ
सेट विनंती = संदर्भ("रिक्वेस्ट")
सेट उत्तर = संदर्भ("रिस्पॉन्स")
सेट सत्र = संदर्भ("सेशन")

एवढं झालं की पुढे पानावर लिहिता तसंच लिहायचं: विनंती.फॉर्म, सत्र("ऑपरेटर"), उत्तर.राइट.

नथिंगची तपासणी काढून टाकू नका. हीच डीएलएल कुणी साध्या इएक्सईतून बोलावली तर वेबचा संदर्भ मिळत नाही, आणि मग एरर ९१ कुठल्या ओळीवर आली हे शोधत बसावं लागतं. स्वतः दिलेला स्पष्ट मेसेज कधीही बरा.

हे काम क्लास इनिशियलाइजमध्ये करायचा मोह होतो. करू नका. त्या क्षणी संदर्भ जोडला गेलेला असेलच याचा भरवसा नसतो. एमटीएसमध्ये तर नसतोच. डीएलएल कॉमप्लसमध्ये बसवलेली असेल तर ऑब्जेक्टकंट्रोल इम्प्लिमेंट करून त्याच्या ॲक्टिव्हेट मेथडमध्ये संदर्भ घेण्याची पद्धत आहे. पण नुसती रजिस्टर केलेली डीएलएल असेल तर ॲक्टिव्हेट बोलावलंच जात नाही. माझं मत सरळ आहे: प्रत्येक पब्लिक मेथडच्या सुरुवातीला संदर्भ नव्याने घ्या आणि शेवटी सोडा. चार ओळी जास्त लागतात, पण डीएलएल कुठेही बसवा, चालते. विंडोज २००० पासून कॉमप्लसमध्ये न बसवलेल्या डीएलएललाही पानाचा संदर्भ मिळतो, त्यामुळे एवढ्यासाठी कॉमप्लसचा खटाटोप करायची गरज नाही.

पानाच्या बाजूने ऑब्जेक्ट सर्व्हर.क्रिएटऑब्जेक्टनेच तयार करा. नुसतं क्रिएटऑब्जेक्ट लिहिलं तरी ऑब्जेक्ट तयार होतं, पण आयआयएस ४ वर त्याला पानाचा संदर्भ मिळत नसे. पुढच्या आवृत्त्यांत काय चालतं याच्या भानगडीत न पडता पूर्ण नाव लिहिण्याची सवय ठेवा.

कुणी आधीच डीएलएल कॉमप्लसमध्ये सर्व्हर ॲप्लिकेशन म्हणून बसवली असेल, म्हणजे ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालत असेल, तर कंपोनेंटच्या प्रॉपर्टीजमध्ये अलाउ आयआयएस इंट्रिन्सिक प्रॉपर्टीज नावाची टिक शोधा. ती नसेल तर ऑब्जेक्ट तयार होतं, मेथड चालते, फक्त रिक्वेस्ट मिळत नाही.

पायरी ५: फॉर्ममधली किंमत नीट उचला

विनंती.फॉर्म("वजन") ही स्ट्रिंग वाटते, पण तिथून परत येतं ते एक ऑब्जेक्ट. स्ट्रिंग व्हेरिएबलमध्ये टाकलं तर व्हीबी त्याची डिफॉल्ट किंमत काढून देतं आणि सगळं ठीक दिसतं. तेच व्हेरिएंट प्रकारच्या पॅरामीटरला किंवा डेटाबेसच्या पॅरामीटरला थेट दिलं तर स्ट्रिंगऐवजी ऑब्जेक्ट पुढे जातं आणि भलत्याच ठिकाणी टाइपची एरर येते. म्हणून प्रत्येक वेळी सीस्ट्रमध्ये (स्ट्रिंग करून देणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळून घ्या. नुसतं विनंती("वजन") असंही लिहू नका. ते आधी क्वेरीस्ट्रिंगमध्ये बघतं, मग फॉर्ममध्ये, मग कुकीमध्ये. ज्याला पट्टीचं वजन बदलायचं आहे त्याला ॲड्रेस बारमध्ये एक शब्द वाढवला की झालं.

आता आकड्यांकडे या. समजा भरलेली गाडी २,८४० किलो आणि रिकामी १,१२० किलो. निव्वळ माल १,७२० किलो, म्हणजे १७.२० क्विंटल. दर ७,००० रुपये धरला तर रक्कम १,२०,४००. ऑपरेटरने २,८४० स्वल्पविरामासकट टाइप केलं आणि डीएलएलमध्ये व्हॅल फंक्शन असेल तर व्हॅल स्वल्पविरामाशी थांबतं आणि हाती येतात २ किलो. एरर नाही, काही नाही. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जड! कॉम्प्युटरवर मराठी कळफलक चालू राहिला आणि मराठी अंक गेले, तर व्हॅल सरळ शून्य देतं. म्हणून आधी मराठी अंक बदलून घ्या, स्वल्पविराम काढा, इजन्यूमरिकने तपासा, मग सीडबलने आकडा करा. पैशासाठी सीकर (करन्सी प्रकार) वापरा, डबलमध्ये पैसे ठेवले की पैशापैशाचा फरक पडतो आणि संध्याकाळी कॅशबुक जुळत नाही.

पायरी ६: मराठी मजकुराचं काय

"भाऊ, पट्टीवर नुसते प्रश्नचिन्ह येऊन राहिले." हा फोन येणारच.

व्हीबी६ ची स्ट्रिंग चालताना युनिकोड असते, पण त्याचा एडिटर तसा नाही. तो सोर्स विंडोजच्या एएनएसआय कोडपेजमध्ये ठेवतो, आणि देवनागरीसाठी असं कोडपेज विंडोजमध्ये नाहीच. त्यामुळे रीजनल सेटिंगमध्ये मराठी निवडा, हिंदी निवडा, डबल अवतरणचिन्हात लिहिलेलं "एकूण रक्कम" सेव्ह होतानाच प्रश्नचिन्हांत बदलतं. यावर उपाय कोडमध्ये नाही, रचनेत आहे. मराठी मजकूर डीएलएलमध्ये लिहूच नका. तो डेटाबेसच्या एनव्हार्कार (युनिकोड मजकुराच्या) कॉलममध्ये ठेवा किंवा यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेल्या एएसपी पानावर ठेवा. अगदीच एखादं अक्षर हवं असेल तर सीएचआरडब्ल्यू(२३२५) म्हणजे क, असं आकड्याने मिळतं. पण अख्खी पट्टी अशी लिहायला बसलात तर दिवस मावळेल.

डेटाबेसमधून आलेली मराठी उत्तर.राइटने नीट जावी म्हणून पानाच्या सुरुवातीला रिस्पॉन्स.कोडपेज ६५००१ आणि रिस्पॉन्स.चारसेट यूटीएफ-८ करून घ्या. फॉर्ममधून येणारी नावंही याच कोडपेजने उलगडली जातात, त्यामुळे फॉर्म वाचायच्या आधी ते झालेलं हवं. एवढं करूनही नाव विचित्र रोमन अक्षरांत दिसलं तर दोष डीएलएलचा नाही. नाव युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टच्या कोडात साठवलेलं आहे. तो डेटा आधी रूपांतरित करावा लागेल, आणि ते वेगळं काम आहे, त्याचे पैसे वेगळे सांगा.

नाव छापताना ते सर्व्हर.एचटीएमएलएनकोडमधून काढायला विसरू नका. संदर्भ("सर्व्हर") म्हटलं की तो ऑब्जेक्टही इथेच मिळतो.

पायरी ७: कंपाइल, रजिस्टर, बदली

पहिल्यांदा कंपाइल झाल्यावर त्या डीएलएलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये बायनरी कम्पॅटिबिलिटी निवडून त्या प्रतीकडे बोट दाखवा. हे केलं नाही तर दरवेळी कंपाइल करताना क्लासचा आयडी बदलू शकतो आणि त्या डीएलएलवर बांधलेल्या बाकीच्या डीएलएल एकेक करून मोडतात.

व्हीबी६ ची डीएलएल कायम ३२ बिट. आजचा सर्व्हर ६४ बिट. म्हणून आयआयएसमध्ये त्या साइटच्या ॲप्लिकेशन पूलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये एनेबल ३२-बिट ॲप्लिकेशन्स ट्रू करा. रजिस्टर करताना कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि सिसवॉव६४ फोल्डरमधलं रेगएसव्हीआर३२ वापरा. हो, ३२ बिटची साधनं ६४ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत आणि ६४ बिटची सिस्टीम३२ मध्ये. मायक्रोसॉफ्टने जुन्या प्रोग्रामांची सोय बघून हे असं ठेवलं. पाठ करून टाका.

सर्व्हर नवा असेल तर आयआयएस ७ पासून एएसपी मुळात बसवलेलंच येत नाही, ते विंडोजच्या फीचर्समधून वेगळं चालू करावं लागतं. डीएलएलच्या फोल्डरवर ॲप्लिकेशन पूलच्या खात्याला वाचण्याची आणि चालवण्याची परवानगी द्या.

बदललेली डीएलएल टाकताना जुनी फाइल अडकलेली असते, कारण आयआयएसने ती मेमरीत धरलेली असते. सगळे लगेच आयआयएसरीसेट मारतात. त्याने सर्व्हरवरच्या सगळ्याच साइट बंद पडतात आणि एएसपीचं सेशन मेमरीत असल्यामुळे सगळ्यांचं लॉगिन जातं. फक्त आपला ॲप्लिकेशन पूल थांबवा, फाइल बदला, पूल चालू करा. तेही हर्रास चालू असताना नाही. हंगामात काटा संध्याकाळी बंद झाला की मगच, आणि यूपीएसची बॅटरी बघून. अर्धी कॉपी झालेली डीएलएल आणि गेलेली लाइन हे दोन्ही एकाच वेळी नको.

पायरी ८: एरर वाचायला शिका

आयआयएस ७ पासून ब्राउझरला खरी एरर दाखवत नाही, फक्त काहीतरी बिघडलं एवढंच सांगतं. तुमच्या टेस्टच्या मशीनवर एएसपीच्या डीबगिंग प्रॉपर्टीजमध्ये सेंड एरर्स टू ब्राउझर ट्रू करा. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर फॉल्सच राहू द्या.

एएसपी ०१७७ सोबत ८००४०१एफ३ दिसलं तर क्लासचं नाव सापडत नाही: स्पेलिंग चुकलंय किंवा डीएलएल रजिस्टर नाही. ८००४०१५४ दिसलं तर क्लास रजिस्टर नाही म्हणतंय, आणि तुम्ही तर आत्ताच रजिस्टर केलाय. अशा वेळी पूल ६४ बिटवर चालतोय का ते बघा. ४२९ बहुधा एका डीएलएलमधून दुसरी तयार करताना येते, तेव्हा आतली डीएलएल तपासा. कंपाइल करतानाच परमिशन डिनाइड आलं तर फाइल आयआयएसच्या ताब्यात आहे.

पायरी ९: सेशनमध्ये किंमत ठेवा, ऑब्जेक्ट नाही

सेशनमधून ऑपरेटरचं नाव वाचणं, चालू हंगाम लिहून ठेवणं यात काही वावगं नाही. पण कापूस.काटापट्टीचं ऑब्जेक्टच सेशनमध्ये टाकून ठेवणारा कोड दिसला तर तो काढा. व्हीबी६ चं ऑब्जेक्ट एका थ्रेडला बांधलेलं असतं. ते सेशनमध्ये गेलं की त्या वापरकर्त्याची प्रत्येक विनंती त्याच एका थ्रेडची वाट बघते. दोन माणसं वापरतात तोवर कळत नाही. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली आणि सगळे काटे एकदम चालू झाले की पानं रखडायला लागतात आणि दोष नेटवर जातो. ॲप्लिकेशनमध्ये तर असं ऑब्जेक्ट ठेवूच देत नाही, एएसपी ०१९७ देऊन नकार मिळतो.

आणि पायरी १ मध्ये सांगितलेल्या कारणासाठी रिक्वेस्ट किंवा रिस्पॉन्स क्लासच्या व्हेरिएबलमध्ये धरून पुढच्या पानासाठी ठेवू नका. ते म्हणजे सकाळी खाली होऊन गेलेल्या गाडीचं वजन दुपारच्या गाडीच्या पट्टीवर चढवणं.

पायरी १०: हिशोब वेगळा काढा

आता एवढं सगळं शिकल्यावर माझं म्हणणं असं आहे की ते कमीत कमी वापरा. पट्टीछापा मेथडने फॉर्म वाचावा, सेशन बघावं, पट्टी लिहावी. पण हमाली, तोलाई कापून रक्कम काढणारं फंक्शन वेगळं असावं आणि त्याला वेबचा गंधही नसावा. भरलेलं वजन, रिकामं वजन, दर, कपातीचे दर हे पॅरामीटर म्हणून जावेत आणि एक रक्कम परत यावी. बस.

फायदा लगेच दिसतो. हिशोब तपासायला आयआयएस लागत नाही, एका फॉर्मवर बटण टाकून पन्नास वजनं तपासता येतात. पट्टीवर समितीने एक रकाना वाढवला तर हिशोबाला हात लावावा लागत नाही. आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्ट कालबाह्य ठरवलं आहे, पुढच्या विंडोजमधून ते टप्प्याटप्प्याने जाणार आहे. बहुतेक एएसपी पानं त्याच्याच जिवावर चालतात. आज ना उद्या पानं बदलावी लागतील. त्या दिवशी हिशोबाचं फंक्शन शुद्ध असेल तर ओळीला ओळ लावून हलवता येतं. रिक्वेस्ट आणि हिशोब एकमेकांत विणलेले असतील तर आधी ते उसवण्यातच एक हंगाम जाईल.

पायरी ११: डॉटनेटमध्ये हलवताना

एएसपी डॉटनेट २००२ मध्ये आलं. त्यात क्लास लायब्ररीतून हेच करणं भलतंच सोपं झालं. सिस्टीम.वेबचा रेफरन्स घ्या, एचटीटीपीकॉन्टेक्स्ट.करंट म्हणा, त्याखाली रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, सेशन सगळं हजर. सोपं झालं म्हणून लोकांनी ते कुठेही लिहिलं, अगदी डेटाबेसच्या लेयरमध्येसुद्धा.

इथले खड्डे वेगळे आहेत. करंट हे चालू विनंतीपुरतं असतं. काटापट्टी झाल्यावर कास्तकाराला एसएमएस पाठवायचा आणि पान थांबू नये म्हणून तुम्ही तो वेगळ्या थ्रेडवर टाकला, तर तिथे करंट नल असतं. नंबर आणि रक्कम आधी साध्या व्हेरिएबलमध्ये घ्या आणि ती थ्रेडला द्या. एएसएचएक्स हँडलरमध्ये सेशन नल दिसलं तर त्या क्लासला आयरिक्वायर्ससेशनस्टेट लावायचं राहिलंय. लायब्ररीतून रिस्पॉन्स.रिडायरेक्ट केलं आणि लॉगमध्ये थ्रेडअबॉर्टएक्सेप्शन भरून आलं तर काही बिघडलेलं नाही, रिडायरेक्ट पान असंच थांबवतं. नको असेल तर दुसरा पॅरामीटर फॉल्स द्या.

एक गोष्ट नव्यांना हमखास अडवते: जुन्या एएसपी पानाचं सेशन आणि डॉटनेट पानाचं सेशन एकच नाही. दोन्ही एकाच साइटवर ठेवून अर्धी पानं बदललीत तर जुन्या पानावर केलेलं लॉगिन नव्या पानाला माहीत नसतं. दोघांमध्ये डेटाबेसचं टेबल ठेवा आणि ओळख तिथून पटवा.

२०१६ मध्ये आलेल्या एएसपी डॉटनेट कोअरमध्ये करंट काढूनच टाकलं. तिथे स्टार्टअपला ॲडएचटीटीपीकॉन्टेक्स्टॲक्सेसर नोंदवायचं आणि लायब्ररीच्या क्लासने कन्स्ट्रक्टरमध्ये आयएचटीटीपीकॉन्टेक्स्टॲक्सेसर मागायचा. लायब्ररीच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये मायक्रोसॉफ्ट.एएसपीनेटकोअर.ॲपचा फ्रेमवर्क रेफरन्स लागतो, नाहीतर ते नावच ओळखलं जात नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त ॲक्सेसर ठेवा. त्यातून एचटीटीपीकॉन्टेक्स्ट काढायचा तो मेथडच्या आत, वापराच्या क्षणी, आणि नल आहे का ते बघून. सेशन इथे आपोआप मिळत नाही. ॲडसेशन आणि यूजसेशन दोन्ही लागतात. सेटस्ट्रिंग आणि सेटइंट३२ ने मजकूर आणि पूर्णांकच ठेवता येतात. काटापट्टीची रक्कम ठेवायची झाली तर ती पैशांत करून ठेवा: १,२०,४०० रुपयांचे १,२०,४०,००० पैसे, इंट३२ मध्ये आरामात बसतात.